‘आपला’ की ‘तुमचा’? : गुलामीविरोधी भाषणांतल्या शब्दांविषयी



आपल्या सभांतून बेड्या फार तुटतात. चौदा एप्रिल असो नाहीतर सहा डिसेंबर, माईक हातात आला की गुलामीच्या बेड्या, दास्याचे साखळदंड, हजारो वर्षांचं जोखड सगळं खळाखळा तुटून पडतं. टाळ्याही पडतात. कानाला सवयीचं झालेलं ऐकलं की टाळी पडतेच, तिच्यावरून शब्द माणसाला भिडला की नाही हे कळत नाही. एका वस्तीतल्या सभेनंतर एका म्हातारीनं मला विचारलं होतं, ‘बाबा, बेडी कुणाच्या पायात होती? आमच्या तर झाडू होता पाठीला अन् मडकं गळ्यात.’ मला तिचा प्रश्न समीक्षेचा वाटतो. आपले समीक्षक असा प्रश्न विचारत नाहीत, कारण ते भाषणाला साहित्यच मानत नाहीत.

हे शब्द आपल्याकडे दोन वाटांनी आले. एक वाट स्वातंत्र्यचळवळीची. ज्यांच्या वाड्यात आमचा बाप पायरीखाली उभा राहायचा ते इंग्रजांच्या नावानं दास्यशृंखला तोडत होते. दुसरी वाट जोतीरावांची आणि त्यांच्यामागून काळ्या साहित्याची. पहिल्या वाटेनं आलेली बेडी अलंकार म्हणून आली. दुसरीच्या मुळाशी खरं लोखंड होतं. ते लोखंड ज्यांनी पाहिलं, काहींनी घातलं, त्यांची भाषणं कशी होती आणि त्यांनी शब्द कसे वापरले, हे बघायचं आहे. काळ साधारण 1830 ते 1865. देश अमेरिका.

तिथं भाषण हा चळवळीचा रोजचा धंदा होता. अमेरिकन अँटि-स्लेव्हरी सोसायटी 1833 साली फिलाडेल्फियात स्थापन झाली आणि तिनं गावोगाव फिरणारे पगारी वक्ते ठेवले. चर्चमध्ये, टाऊन हॉलमध्ये, नाहीच कुणी जागा दिली तर उघड्यावर सभा. अंडी, दगड, कधी आग. 16 मे 1838 रोजी अँजेलिना ग्रिम्के ही चार्ल्स्टनच्या गुलाममालकाची मुलगी फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया हॉलमध्ये बोलत होती आणि बाहेरून खिडक्यांवर दगड येत होते. ती बोलत राहिली. दुसऱ्या रात्री जमावानं तो हॉलच जाळला. उघडून चार दिवस झाले होते.

या वक्त्यांसमोर पहिलं काम होतं नाव घेण्याचं. कारण मालकांनी गुलामीला गुलामी म्हणणं टाळलं होतं. ते ‘आमची खास संस्था’ म्हणत, ‘घरगुती व्यवस्था’ म्हणत, गुलामाला ‘नोकर’ म्हणत, शेतातल्यांना नुसतं ‘हात’. त्यांची 1787 ची राज्यघटना पाहा. गुलामांची लोकसंख्या पाचास तीन या हिशेबानं धरायची, बाहेरून गुलाम आणायला 1808 पर्यंत बंदी घालायची नाही, पळालेला परत करायचा, असा सगळा बंदोबस्त तिच्यात आहे. पण ‘गुलाम’ हा शब्द एकदाही नाही. ‘इतर व्यक्ती’, ‘सेवेस बांधलेली व्यक्ती’ असली सोवळी भाषा. हा शब्द त्या घटनेत शिरला तो 1865 च्या तेराव्या दुरुस्तीनं, म्हणजे गुलामी बंद करताना.

इथं आपल्या घटनेची आठवण येणारच. कलम 17 मध्ये अस्पृश्यता हा शब्द सरळ घातला आहे, तोही इंग्रजी मसुद्यात अवतरणचिन्हांत. कलम 23 च्या इंग्रजी मजकुरात ‘बेगार’ हा आपला देशी शब्द तसाच ठेवला आहे. ज्यांनी वेठ पाहिली नाही त्यांना तिथं गुळगुळीत इंग्रजी शब्द चालला असता. मसुदा समितीच्या अध्यक्षाला चालला नसता, असं मी म्हणतो. घटनेकडे केवळ कायदा म्हणून बघणाऱ्यांनी हा शब्द साहित्य म्हणूनही वाचावा.

तर नाव घेणं. अमेरिकन वक्त्यांचा लाडका शब्द होता ‘माणूसचोर’. तो बायबलातून उचललेला. माणूस चोरून विकणाऱ्याला जुन्या करारात देहान्ताची शिक्षा सांगितली आहे, नव्या करारात त्याची गणना महापाप्यांत आहे. या शब्दाची गंमत समजून घ्या. मालकाच्या भाषेत चोर कोण? पळून जाणारा गुलाम. तो स्वतःलाच चोरून नेतो, मालकाचा माल घेऊन पळतो! वक्त्यांनी तोच आरोप उचलला आणि मालकाच्या दारात नेऊन ठेवला. शिवी दिली, पण ती मालकाच्याच धर्मग्रंथातून काढून. त्यामुळे त्याला ती परत करता येईना. आपण व्यासपीठावरून ज्या शिव्या देतो त्यातल्या किती अशा आहेत? बहुतेक नुसत्या गरम असतात. घटकाभरात निवतात.

आपल्या गावगाड्यानंही नावं अशीच फिरवली होती. मेलेलं ढोर ओढायचं, सांगावा घेऊन दहा कोस पळायचं, आणि त्याचं नाव काय, तर ‘वतन’. त्याला ‘हक्क’ म्हणायचे, ‘मान’ म्हणायचे. हक्क म्हणून गळ्यात घातलेलं काम फेकून देणं बेडी तोडण्यापेक्षा अवघड, कारण ते हातचं सोडतो आहोत असं आपल्याच माणसाला वाटतं. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कौन्सिलात वतनाचं बिल आणलं तेव्हा त्यांना या शब्दाशीही झगडायचं होतं. कनिष्ठ गावकामगार वतनं कायद्यानं संपायला 1958 उजाडलं.

दुसरा शब्द ‘तात्काळ’. 1824 साली इंग्लंडात एलिझाबेथ हेरिक या क्वेकर बाईनं पत्रक काढलं, गुलामी हळूहळू नको, तात्काळ संपवा. तोवर मोठमोठे सुधारक हळूहळूवालेच होते. अमेरिकेत विल्यम लॉइड गॅरिसन या छापखानेवाल्यानं 1831 च्या 1 जानेवारीला ‘लिबरेटर’ साप्ताहिक सुरू केलं आणि तात्काळ हा शब्द पस्तीस वर्षं सोडला नाही. हळूहळूचा अर्थ काय होतो ते ब्रिटिश साम्राज्यात दिसलंच. 1833 चा कायदा 1 ऑगस्ट 1834 ला लागू झाला, गुलामी संपली म्हणून जाहीर झालं, आणि मोकळ्या झालेल्या माणसांना ‘उमेदवार’ ठरवून त्याच मालकाकडे बिनमजुरीनं राबायला लावलं. ती उमेदवारी 1838 पर्यंत चालली. नुकसानभरपाईही दिली, दोन कोट पौंड. कुणाला? मालकांना. ज्याचं आयुष्य गेलं त्याचं नुकसान ‘नुकसान’ या शब्दात बसलंच नाही.

आता फ्रेडरिक डग्लस. त्याच्यावर थांबायला हवं.

1818 साली मेरीलँडमध्ये गुलामीत जन्मला. बाराएक वर्षांचा असताना पन्नास सेंट देऊन ‘कोलंबियन ऑरेटर’ नावाचं भाषणांचं शाळकरी पुस्तक घेतलं. त्यात मालक आणि गुलाम यांचा एक संवाद आहे, गुलाम वादात जिंकतो आणि सुटतो. भाषणाचं बळ त्याला पहिल्यांदा तिथं कळलं. 1838 च्या सप्टेंबरात पळाला. 1841 साली नॅनटकेट बेटावर गोऱ्यांच्या सभेत बोलला आणि सोसायटीनं त्याला वक्ता म्हणून घेतलं. पण सभेत त्याची ओळख करून देत ती कशी? दक्षिणेतली एक वस्तू, एक माल, आणि हा माल बोलतोही! माल बोलून दाखवी. पुढं तो विचार मांडू लागला तेव्हा त्याचेच गोरे मित्र म्हणू लागले, तू हकिकत तेवढी सांग, तत्त्वज्ञानाचं आम्ही बघू. फार शुद्ध बोलू नकोस, थोडी मळ्यातली बोली राहू दे, नाहीतर तू गुलाम होतास यावर लोक विश्वास ठेवणार नाहीत. हे त्यानं 1855 च्या आपल्या दुसऱ्या आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे.

ओळखीचं वाटतं ना? ‘बलुतं’ 1978 ला आलं, ‘उपरा’ 1980 ला. मराठी समीक्षेनं कौतुक केलं, नाही असं नाही. पण कौतुकाचा शब्द एकच, ‘अनुभव’. दाहक अनुभव, अस्सल अनुभव, कधी न पाहिलेला अनुभव. म्हणजे अनुभव तुमचा, त्याचा अर्थ लावायचा तो आम्ही. दलित लेखकानं सौंदर्यशास्त्रावर बोट ठेवलं की तो लगेच ‘प्रचारकी’ होतो. पुण्याचा प्राध्यापक आणि बोस्टनचा सज्जन यांच्यात मला या बाबतीत समुद्राचंच काय ते अंतर दिसतं.

हीच गोष्ट सोजर्नर ट्रुथच्या बाबतीत अधिक भयंकर आहे. 29 मे 1851 रोजी ओहायोतल्या ॲक्रन गावी स्त्रियांच्या परिषदेत ती बोलली. ते भाषण जगभर गाजलं. मी बाई नाही का, असं ती पुन्हा पुन्हा विचारते, दक्षिणेतल्या मळ्यावरच्या मोडक्या इंग्रजीत. आपल्याकडेही हे भाषण असंच सांगितलं जातं. पण सभेनंतर महिन्याभरात मारियस रॉबिन्सननं ‘अँटि-स्लेव्हरी ब्यूगल’मध्ये छापलेला वृत्तान्त आहे. त्यात ते पालुपद नाही आणि ती मोडकी बोलीही नाही. साधं, खणखणीत, विनोदी, ताकदीचं बोलणं आहे. पालुपद आणि बोली आली ती 1863 साली, फ्रान्सिस गेज या गोऱ्या बाईनं बारा वर्षांनंतर आठवून लिहिलं तेव्हा. आणि ट्रुथ दक्षिणेतली नव्हतीच. न्यूयॉर्क राज्यातल्या अल्स्टर काउंटीत जन्मलेली, लहानपणीची तिची भाषा डच! तिच्या तोंडी दक्षिणी मळ्याची बोली कुठून येणार? गेजबाईंच्या मनात गुलाम जशी बोलायला हवी तशी त्यांनी तिला बोलायला लावली. ट्रुथला लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळे तिला दुरुस्तही करता आलं नाही.

आता मराठी नाटक-सिनेमात महाराच्या, मांगाच्या तोंडी जी भाषा घालतात ती आठवा. नागपूरचा असो, कोकणातला असो, मराठवाड्यातला असो, सगळे एकाच बनावट ‘गावरान’ बोलीत ‘व्हय जी मायबाप’ करतात. वऱ्हाडी निराळी, मालवणी निराळी, याचं भान कुणाला नाही. बोलीचा आग्रह मीही धरतो. पण कुणाची, कुठली बोली, आणि ती कागदावर कुणी उतरवली, हे विचारल्याशिवाय बोली म्हणून टाळी वाजवायला मी तयार नाही.

परत डग्लस. 5 जुलै 1852, रॉचेस्टरचा कोरिंथियन हॉल, पाचसहाशे श्रोते. बायकांच्या गुलामीविरोधी संस्थेनं स्वातंत्र्यदिनाचं भाषण करायला बोलावलं होतं. दिवस चारचा नाही, पाचचा. त्या वर्षी चारला रविवार आला होता हे खरं, पण न्यूयॉर्कातले काळे लोक 1827 पासून पाचालाच आपला उत्सव करत आले होते हेही खरं. तो सुरुवात करतो ती ‘सहनागरिकहो’ म्हणून. अमेरिका घडवणाऱ्यांची स्तुती करतो, ते शूर होते म्हणतो. पण प्रत्येक ठिकाणी सर्वनाम कोणतं? तुमचे पूर्वज. तुमचं राष्ट्र. तुमचा दिवस. ऐकणाऱ्याला आधी सभ्यतेचं वाटतं, मग हळूहळू खटकायला लागतं, आणि मग तो उलटून विचारतो, की मला इथं कशाला बोलावलंत, या दिवसाशी गुलामाचा संबंध काय? सगळं भाषण त्या ‘तुमचा’वर तोललेलं आहे.

आम्ही चार मित्र या भाषणाचं मराठी करतो आहोत आणि आमची भांडणं तिथंच जुंपली. मराठीत ‘आपला’ या शब्दाचे दोन अर्थ. ‘आपला’ म्हणजे आदरानं तुमचा, आणि ‘आपला’ म्हणजे तुमचा-माझा दोघांचा. सभेची रीतभात म्हणून एका मित्रानं लिहिलं, ‘आपले पूर्वज’, ‘आपला स्वातंत्र्यदिन’. भाषण तिथंच मेलं! डग्लस जी भिंत दाखवतो आहे ती मराठीच्या एका आदरार्थी शब्दानं पाडून टाकली, आणि भिंत मात्र जागेवरच. दुसरीकडे मराठीत एक सोय आहे जी इंग्रजीत नाही. त्यांच्याकडे एकच ‘आम्ही’. आपल्याकडे ‘आम्ही’ म्हणजे तुला सोडून, ‘आपण’ म्हणजे तुझ्यासकट. मूळ इंग्रजीत ‘आम्ही’ आला की तो गुलामांसकट बोलतो आहे की श्रोत्यांसकट, हे अनुवादकाला दर वेळी ठरवावं लागतं. भाषणाच्या उत्तरार्धात तो घटनेकडे वळतो. गॅरिसन घटनेला गुलामीचा करार मानत असे, 1854 च्या 4 जुलैला त्यानं तिची प्रत भर सभेत जाळली. डग्लसनं 1851 मध्ये त्याची साथ सोडली होती आणि घटना स्वातंत्र्याच्या बाजूनं वाचता येते असं म्हणायला लागला होता. तिथं आम्ही आता ‘आपण’ वापरावं का? माझं मत, वापरू नये. घटनेवर तो हक्क सांगतो, पण उत्सवात सामील होत नाही.

याच भाषणात आणखी एक जागा आहे. गुलाम माणूस आहे हे सिद्ध करायला तो साफ नकार देतो. म्हणतो, व्हर्जिनियात बहात्तर गुन्हे असे आहेत की काळ्यानं केले तर फाशी, गोऱ्यानं केले तर त्यातल्या दोनच गुन्ह्यांना फाशी. शिक्षा करताना तुम्ही त्याला अकलेचा, जबाबदार माणूस मानताच की! मग मी काय सिद्ध करू? याच्या शेजारी जुनी ब्रिटिश मुद्रा ठेवून बघा. 1787 सालची, गुडघे टेकलेला काळा, जोडलेले हात, मी माणूस आणि भाऊ नाही का असं विचारणारा. सज्जन लोकांनी ती मुद्रा दागिन्यांवर, ताटल्यांवर मिरवली. गुडघे टेकलेला भाऊ सगळ्यांना परवडतो. ‘हरिजन’ या शब्दातही मला ते टेकलेले गुडघेच दिसतात.

1972 च्या 15 ऑगस्टला, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवात, राजा ढाले यांनी ‘साधना’त ‘काळा स्वातंत्र्यदिन’ लिहिला. राष्ट्रध्वजाच्या अपमानाची शिक्षा आणि दलित स्त्रीच्या अब्रूवर हात टाकण्याची शिक्षा त्यांनी समोरासमोर ठेवली आणि महाराष्ट्र खवळला. मध्ये एकशेवीस वर्षं. ढाल्यांनी डग्लस वाचून लिहिलं असं मी म्हणत नाही. ज्याचा दिवस नाही त्यानं कायद्याचं पुस्तक उघडून दंडाचे आकडे वाचायला लागावं, हे दोघांनाही आपापल्या जागी सुचलं. डग्लसनंही 1850 च्या पळपुट्या गुलामांच्या कायद्याचे आकडे वाचले होते. माणूस गुलाम ठरवला तर कमिशनरला दहा डॉलर, मोकळा ठरवला तर पाच. असं असताना वेगळा अलंकार हवा कशाला?

एक मात्र खरं, डग्लसचं हे भाषण गोऱ्यांना उद्देशून आहे. बहुतेक गुलामीविरोधी वक्तृत्व तसंच आहे, म्हणून त्यात पाप, पश्चात्ताप, लाज हे शब्द इतके येतात. 1843 साली बफेलोच्या काळ्यांच्या परिषदेत हेन्री हायलंड गार्नेट या सत्तावीस वर्षांच्या तरुणानं थेट गुलामांना उद्देशून भाषण केलं. तिथं पश्चात्ताप गेला, प्रतिकार आला. परिषदेनं ते भाषण आपलं म्हणून स्वीकारलं नाही, एका मतानं पडलं. विरोधात बोलणाऱ्यांत तरुण डग्लसही होता. (त्याच साली हिंदुस्थानात कंपनी सरकारनं गुलामीची कायदेशीर मान्यता काढून घेतली. महारवाड्यात त्यानं किती फरक पडला ते विचारू नका.) आपल्या कार्यकर्त्यांनी भाषणाआधी स्वतःला विचारावं, आपण कुणाशी बोलतोय? वस्तीत उभं राहून सवर्णांना लाज आणायची भाषा कामाची नाही, सवर्ण तिथं बसलेलेच नसतात.

जोतीरावांनी 1873 साली पुस्तकाला नाव दिलं ‘गुलामगिरी’ आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या, काळ्यांच्या गुलामीविरुद्ध लढलेल्या सज्जनांना. पण शब्द त्यांनी आपल्या बाजारातला घेतला. ‘गिरी’ म्हणजे धंदा, चाल, कारभार. मुलूखगिरी, हमालगिरी, दादागिरी. ‘दास्य’ हा शब्द त्यांना घेता आला असता, पण दास आपल्याकडे फार गोड झाला आहे, देवाच्या पायाशी बसून तो मोक्षाला जातो. गुलाम जात नाही.

बाबासाहेबांनी पुढं हिशेब आणखी कडक केला. गुलाम मालकाची मालमत्ता, म्हणून निदान मालाची किंमत राखण्यापुरतं मालक त्याला खाऊ घालतो. अस्पृश्य कुणाच्याच मालकीचा नाही, म्हणून त्याच्या मरण्याचं कुणाला नुकसान नाही. शिवाय गुलामाला आपण गुलाम आहोत हे दिसतं, अस्पृश्याला ते धर्मात झाकून दाखवलं जातं. म्हणजे अमेरिकन वक्त्यांची भाषा उभी आहे ती मालकीवर, आपलं दुःख उभं आहे विटाळावर. म्हातारीचा प्रश्न हाच होता. बेडी उसनी घेतली की झाडू आणि मडकं भाषणातून बाहेर जातं.

आमच्या अनुवादात सध्या एक शब्द अडला आहे. गुलामांच्या साखळीबंद रांगेला इंग्रजीत जो शब्द आहे तो मूळ अरबी, आपला ‘काफिला’ही तिथूनच आला. त्यावर आमचं एकमत झालं, ‘साखळीतला काफिला’ असंच ठेवणार, मोर्च्यात काफिला-काफिला करणाऱ्या पोरांना जरा ठेच लागू दे. अडलाय तो दुसरा, गुलामाला कायद्यानं जी ‘चॅटल’ म्हणत ती वस्तू. इंग्रजीत गुरांचा शब्द आणि हा शब्द एकाच मुळाचे. कोर्टाच्या मराठीत ‘जंगम मालमत्ता’. अचूक आहे, पण तलाठ्याच्या दप्तरासारखं वाटतं, अंगावर येत नाही. एकानं सुचवलं, ‘ढोर’. मालक गुलामांना गुराढोरांच्या यादीत मोजत, तेव्हा अर्थानं बरोबर. त्यावर आमच्यातला एक जण शांतपणे म्हणाला, ‘माझ्या जातीच्या दाखल्यावर हाच शब्द आहे.’ ते पान अजून कोरं आहे.